मेक २०, पासिंग २२: आयात गाडीचं वय डीलरनं लपवलं तर काय करायचं

बहुतेकांना हे पहिल्या सर्व्हिसिंगला कळतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला माणूस चेसिस नंबर संगणकात टाकतो, स्क्रीनकडे बघतो आणि सहज म्हणतो, "साहेब, वीसची गाडी आहे ना ही?" तुम्ही ती बावीसची म्हणून घेतलेली असते. काहींना विम्याच्या नूतनीकरणाला कळतं, तर काहींना गाडी विकायला काढल्यावर समोरच्या एजंटाकडून.

त्यानंतर जवळजवळ प्रत्येक जण एकच गोष्ट करतो. डीलरला फोन लावून तोंडाला येईल ते बोलतो. सगळ्यात महाग पडतो तो हाच फोन. संध्याकाळपर्यंत जाहिरात साइटवरून उतरते, व्हॉट्सॲपवरचे मेसेज "डिलीट फॉर एव्हरीवन" होतात आणि "बावीसची सिंगल ओनर पीस आहे सर" असं छातीठोक सांगणारा सेल्समन नोकरी सोडून गेलेला असतो. म्हणून पुरावा गोळा होईपर्यंत गप्प राहायचं. दोन-तीन दिवस पुरतात.

आकडे डोळ्यांसमोर राहावेत म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. जून २०२५ मध्ये पुण्यातल्या एका डीलरकडून तुम्ही परदेशात पूर्ण तयार होऊन आलेली एक वापरलेली एसयूव्ही ४६ लाखांना घेतली. जाहिरातीत "२०२२ मॉडेल" होतं, नोंदणी मार्च २०२२ ची आहे आणि प्रत्यक्षात गाडी कारखान्यातून ऑक्टोबर २०२० मध्ये बाहेर पडली आहे.

आधी बघा, नेमकं कोणतं साल खोटं आहे

आयात गाडीला चार वाढदिवस असतात आणि डीलर त्यातला सोयीचा निवडतो. पहिला कारखान्यात तयार झाल्याचा महिना, म्हणजे मेक. दुसरा मॉडेल इयर, जो कंपनी स्वतः ठरवते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बनलेल्या गाडीला पुढच्या वर्षाचं मॉडेल म्हणण्याची पद्धत जगभर आहे. तिसरा परदेशातल्या पहिल्या नोंदणीचा आणि चौथा भारतातल्या आरटीओतल्या नोंदणीचा, म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो तो. ऑक्टोबर २०२० च्या गाडीला "२०२१ मॉडेल" म्हणणं खोटं असेलच असं नाही. "२०२२ मॉडेल" म्हणणं मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही.

म्हणून डीलरनं वापरलेला नेमका शब्द शोधा. "मेक २०२२" लिहिलं असेल तर तुमची बाजू भक्कम. "२०२२ मॉडेल" असेल तरी चांगली. नुसतं "२०२२ रजिस्ट्रेशन" असेल आणि ते खरं असेल, तर डीलर म्हणणार, मी खोटं काय बोललो? तेव्हा तुम्हाला दाखवावं लागेल की तुम्ही मेकचं साल विचारलं होतं आणि त्यानं टाळलं किंवा चुकीचं सांगितलं. शोरूममधून कोरी म्हणून घेतलेल्या गाडीतही हाच प्रकार होतो. गाडी बंदरात, मग गोदामात दीड-दोन वर्षं पडून असते आणि चालू सालची म्हणून विकली जाते. जुना स्टॉक विकणं बेकायदा नाही. तसं सांगून सूट दिली असेल तर तक्रारीला जागाच नाही. बेकायदा आहे ते न सांगणं.

पुरावा: कागद, मग गाडी, मग मोबाइल

सुरुवात आरसीपासून करा. त्यावर उत्पादनाचा महिना आणि साल असतं. तेच सरकारच्या एमपरिवहन ॲपवर आणि 'वाहन' या नोंदणी पोर्टलवर ताडून बघा. आरसीवरच २०२० लिहिलेलं असेल तर चरफडू नका, पण डीलरचा वकील हाच कागद पुढे करणार हे लक्षात ठेवा. त्याला उत्तर काय, ते पुढे येईल.

मग ज्या आरटीओत गाडीची भारतात पहिली नोंदणी झाली, तिथून नोंदणीच्या फाइलची प्रमाणित प्रत मागा. आयात गाडीच्या नोंदणीला कस्टम्सची कागदपत्रं जोडावी लागतात, त्यामुळे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीच्या वेळी कस्टम्सकडे भरलेला कागद, त्या फाइलमध्ये सापडण्याची शक्यता चांगली असते. कोऱ्या गाडीच्या बाबतीत फॉर्म २१ आणि फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला) बघा. फॉर्म २१ हा विक्रीचा दाखला, आणि त्यावर उत्पादनाचा महिना-साल लिहायला जागा असते. ती कोरी सोडली असेल तर तोही पुरावाच.

सगळ्यात वजनदार कागद कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून मिळतो. मालक म्हणून आरसी आणि ओळखपत्र दाखवून चेसिस नंबरवरून गाडी कधी तयार झाली, ते लेटरहेडवर किंवा निदान कंपनीच्या ईमेलवरून मागा. तोंडी सांगतील आणि लेखी द्यायला टाळाटाळ करतील. चिकाटी ठेवा. नाहीच दिलं तर मागणीचा ईमेल तरी पाठवून ठेवा, पुढे ग्राहक आयोगाकडून तो कागद मागवून घेता येतो.

सतरा अक्षरी चेसिस नंबरमधलं दहावं अक्षर साल सांगतं, असं इंटरनेटवर सगळीकडे वाचायला मिळतं. ते अर्धसत्य आहे. 'एल' म्हणजे २०२०, 'एम' म्हणजे २०२१, 'एन' म्हणजे २०२२, 'ओ' वगळून 'पी' म्हणजे २०२३ ही पद्धत मुळात अमेरिकी बाजाराची, आणि तीही मॉडेल इयर सांगते, उत्पादनाचं साल नाही. कित्येक युरोपीय कंपन्या इतर देशांसाठीच्या गाड्यांत त्या जागी साल घालतच नाहीत. जपानच्या देशांतर्गत बाजारातल्या बऱ्याच गाड्यांना तर सतरा अक्षरी नंबरच नसतो. त्यामुळे केवळ दहाव्या अक्षरावर तक्रार उभी करू नका.

गाडीचं अंग मात्र बोलतं. सीटबेल्टच्या तळाशी शिवलेल्या पट्टीवर बहुधा तारीख असते, काचांच्या कोपऱ्यात खुणा असतात, टायरवर चार आकडे असतात. ३८२० म्हणजे २०२० सालचा ३८वा आठवडा. चालते टायर बदललेले असू शकतात, पण डिकीतलं स्टेपनी सहसा कुणी बदलत नाही. अर्थात सुटे भाग गाडीच्या आधी काही आठवडे-महिने बनतात, त्यामुळे एका तारखेवरून काही ठरत नाही. पाच-सहा भागांवरच्या तारखा २०२० च्याच निघाल्या तर चित्र स्पष्ट होतं. फोटो काढताना चेसिस नंबर आणि तो भाग सलग दिसेल असा एक व्हिडिओही घ्या.

गाडी ब्रिटनमधून आलेली असेल आणि तिचा जुना ब्रिटिश नंबर कुठल्याही कागदावर सापडला, तर तिथल्या डीव्हीएलए या सरकारी खात्याच्या साइटवर तो नंबर टाकून बघा. उत्पादनाचं साल फुकट दिसतं.

आता मोबाइल. जाहिरातीचे स्क्रीनशॉट पत्ता आणि तारीख दिसतील असे घ्या. व्हॉट्सॲपचं संभाषण एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करा, पण मूळ संभाषण फोनमधून उडवू नका आणि खटला संपेपर्यंत तो फोनही विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. वकिलाला पहिल्याच भेटीत त्याबद्दल विचारा.

पैशांचा पुरावा सोपा वाटतो, पण इथेच अनेक जण अडकतात. १० लाखांवरच्या गाडीवर डीलर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, घेतो आणि तो आयकर खात्याकडच्या तुमच्या फॉर्म २६एएसमध्ये दिसतो. किंमत सिद्ध करायला हा कागद फार उपयोगी. पण बिल ३५ लाखांचं आणि उरलेले ११ लाख रोख दिले असतील, तर ते ११ लाख आयोगासमोर जवळजवळ नसल्यासारखेच. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे. दंड घेणाऱ्याला होतो हे खरं, पण रोखीचा उल्लेख तक्रारीत करायचा की नाही हे सीएला विचारल्याशिवाय ठरवू नका.

एक धोक्याची पाटी

वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी असता कामा नये, उजव्या बाजूला स्टिअरिंग हवं आणि ती फक्त मुंबई बंदरातून यायला हवी, असा परकीय व्यापार धोरणाचा नियम आहे. कोरी म्हणून आणलेली गाडी त्याआधी कुठल्याही देशात नोंदलेली किंवा विकलेली नसावी लागते. म्हणजे आयात गाडीचं वय हा नुसता किमतीचा प्रश्न नसतो. कधी कधी गाडी देशात येण्याचा हक्कच वयावर अवलंबून असतो, आणि वय लपवण्यामागचं कारणही तेच असू शकतं. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळमध्ये कस्टम्सनं भूतानमार्गे आलेल्या गाड्यांवर "ऑपरेशन नुमखोर" नावानं छापे घातले, तेव्हा रोख मोजून गाड्या घेणाऱ्यांच्या दारातही अधिकारी पोहोचले.

त्यामुळे गाडीवरचा चेसिस नंबर कोरलेला खरखरीत वाटत असेल, पंचिंगची अक्षरं वेडीवाकडी असतील, काचेमागचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळत नसेल किंवा बिल ऑफ एंट्रीचा पत्ताच लागत नसेल, तर हा लेख इथेच बाजूला ठेवा. आधी कस्टम्सची कामं करणाऱ्या वकिलाला गाठा. कस्टम्स कायद्याच्या कलम १११ खाली गाडी जप्त होऊ शकते, आणि "मी तर पैसे मोजून घेतली" एवढ्यानं ती परत मिळत नाही. आरटीओकडे तक्रार करतानाही हेच भान ठेवा. खोट्या कागदांवर किंवा खोट्या माहितीवर नोंदणी झाल्याची खात्री पटली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी रद्द होते. रद्द होणारी आरसी तुमची असते, डीलरची नव्हे.

कागद शुद्ध आहेत, गाडी रीतसर आली आहे, फक्त साल खोटं सांगितलं, अशी स्थिती असेल तर पुढे चला.

गाडी परत द्यायची की फरक घ्यायचा?

हे नोटिशीच्या आधी ठरवा, कारण पुढचं वागणं त्यावर अवलंबून आहे.

करार कायद्याच्या कलम १९ प्रमाणे फसवून संमती घेतली असेल तर तुम्ही व्यवहार रद्द करू शकता. पण कळल्यानंतरही गाडी गोव्याला नेऊन आणलीत, नवीन म्युझिक सिस्टिम बसवलीत आणि सहा महिन्यांनी "परत घ्या" म्हणालात, तर डीलर म्हणेल, यांनी व्यवहार मान्य केला होता. गाडी परत करायची असेल तर कळल्या दिवसापासून ती उभी करा, किलोमीटरचा फोटो काढा, विमा चालू ठेवा आणि परत घेण्याची मागणी लेखी करा. रोजच्या कामाला तीच एक गाडी असेल तर वापरा, पण "नाइलाजानं आणि हक्क राखून वापरत आहे" असं नोटिशीत लिहा.

आता आरसीच्या मुद्द्याचं उत्तर. कलम १९ ला एक अपवाद आहे. साधी काळजी घेतली असती तर खरं कळलं असतं, अशा वेळी करार रद्द करता येत नाही. "एमपरिवहनवर दिसत होतं, बघायचं होतं" हा बचाव इथूनच येतो. पण हा अपवाद चुकून केलेल्या गैरनिवेदनाला आणि गप्प बसून केलेल्या फसवणुकीला लागू आहे. माहीत असून उघड खोटं सांगितलं असेल तर तो डीलरच्या कामाचा नाही. म्हणूनच "२०२२ मेक" असं लिहिलेला एक मेसेज दहा कागदांना भारी पडतो. खरेदीच्या वेळी आरसी तुम्हाला दाखवलीच नव्हती, ती ट्रान्सफर झाल्यावर महिन्याभरानं हातात आली, असं असेल तर तेही तारखांसकट मांडा. "आहे त्या स्थितीत विक्री" ही पावतीवरची ओळ गाडीच्या ओरखड्यांपुरती ठीक, फसवणुकीवरचं पांघरूण म्हणून ती चालत नाही.

गाडी आवडली असेल आणि फक्त जास्तीचे पैसे परत हवे असतील, तर हिशेब मांडा. आयोगाला समजेल असा मापदंड म्हणजे विम्याचं आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीनं घसारा वजा करून धरलेली गाडीची किंमत. प्रचलित घसारा असा: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. आपल्या उदाहरणात गाडीची कोरी किंमत ८० लाख धरली, तर मार्च २०२२ ची गाडी जून २०२५ मध्ये ४८ लाखांची ठरते आणि ऑक्टोबर २०२० ची ४० लाखांची. फरक ८ लाख. विमा कंपन्या बऱ्याचदा नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, असं डीलर म्हणेल. म्हणून जोडीला दोन-तीन मान्यताप्राप्त सर्व्हेअरची लेखी मूल्यांकनं घ्या.

नोटीस

ग्राहक आयोगात जाण्याआधी नोटीस सक्तीची नाही, पण पाठवा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात, आणि न मिटली तर डीलरचं उत्तर, किंवा त्याचं मौन, तुमच्या कामी येतं. वकिलाकडून पाठवलेली चांगली. स्वतः लिहायची असेल तर शिव्या आणि विशेषणं गाळून इतकंच पुरे:

"दि. … रोजी आपल्याकडून चेसिस क्र. … ही गाडी रु. ४६,००,०००/- देऊन खरेदी केली. दि. … च्या जाहिरातीत आणि दि. … च्या व्हॉट्सॲप संदेशात आपण ती '२०२२ मॉडेल' असल्याचं सांगितलं. उत्पादक कंपनीच्या नोंदीनुसार गाडी ऑक्टोबर २०२० मध्ये तयार झाली असल्याचं मला दि. … रोजी समजलं. वर्षाबाबत खरी माहिती असती तर मी हा व्यवहार केला नसता. तरी ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत गाडी परत घेऊन पूर्ण किंमत, नोंदणी हस्तांतरणाचा खर्च आणि व्याज द्यावं. पर्यायानं किमतीतील फरक रु. ८,००,०००/- द्यावा. सदर गाडीची जाहिरात, संदेश, खरेदीची कागदपत्रं व वाहन नोंदवही नष्ट करू नये."

शेवटचं वाक्य विसरू नका. स्पीड पोस्टानं पोचपावतीसह, शिवाय ईमेल आणि व्हॉट्सॲपवरही पाठवा. वापरलेल्या गाड्यांच्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं, गाडी ताब्यात घेतल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये द्यावी लागते आणि नंतर त्या गाडीची जबाबदारी त्याच्यावर येते. "मी फक्त मध्यस्थ, पार्क अँड सेलवर गाडी होती", म्हणजे मालकानं ती विकायला नुसती माझ्याकडे ठेवली होती, असं म्हणणाऱ्याला हा नियम आणि त्याचं अधिकारपत्र दोन्ही विचारा.

ग्राहक आयोग: खरा रस्ता हाच

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. वस्तू अमुक दर्जाची किंवा मॉडेलची आहे असं खोटं सांगणं त्यात येतं, आणि जुनी किंवा वापरलेली वस्तू नवी म्हणून विकणंही येतं. तुमची तक्रार या वाक्यांवर उभी करा. "गाडीत दोष आहे" या मार्गाला लागलात की तपासणी, प्रयोगशाळा, अहवाल आणि तारखा यांत वर्षं जातात. वयाचा प्रश्न कागदांवर सुटतो, त्याला गाडी उघडावी लागत नाही.

कुठे जायचं हे मोजलेल्या किमतीवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून महाग असेल तर दिल्लीतला राष्ट्रीय आयोग. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये वैध ठरवली. आपली ४६ लाखांची गाडी जिल्हा आयोगात जाईल आणि फी फक्त १००० रुपये लागेल. ५२ लाखांची असती तर राज्य आयोग आणि २००० रुपये.

डीलर दिल्लीचा आणि तुम्ही कोल्हापूरचे असाल तरी तक्रार कोल्हापुरातच करा. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात दाद मागायची मुभा नव्या कायद्यानं दिली आहे. पावतीवर "केवळ दिल्ली न्यायालयाच्या अधीन" किंवा लवादाचं कलम छापलेलं असेल म्हणून घाबरू नका.

मुदत दोन वर्षं. फसवणूक उशिरा कळली तर कळल्यापासून मोजा, असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबू नका. डिलिव्हरीच्या तारखेपासून दोन वर्षं धरा आणि त्याच्या आत दाखल करा. तडजोडीच्या गप्पा मारत डीलर दीड वर्ष घालवतो, तो उगाच नाही.

एक अडथळा आधीच तपासा. गाडी कंपनीच्या नावावर घेतली असेल, किंवा पुन्हा विकायला घेतली असेल, तर तुम्ही "ग्राहक" आहात का यावरच भांडण सुरू होतं. कंपनीची गाडी संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी होती, असं दाखवता आलं तर वाट मोकळी होऊ शकते, पण ती लढाई वेगळी. आणि गाडी डीलरकडून नाही, एखाद्या खासगी माणसाकडून घेतली असेल तर ग्राहक आयोग नाही, दिवाणी न्यायालय. तिथे फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं मिळतात, कोर्ट फी मात्र चांगलीच लागते.

तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येते. वकील सक्तीचा नाही. पण ४६ लाखांच्या प्रकरणात वकिलाची फी वाचवणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. प्रतिवादी म्हणून डीलर, आणि खोट्याची सुरुवात जिथून झाली असेल तो आयातदार, यांना घाला. उत्पादक कंपनीला रागाच्या भरात ओढू नका. तिनं खोटं सांगितलेलं नसेल तर उगाच एक मोठा वकील तुमच्यासमोर उभा राहतो. तिच्याकडून फक्त उत्पादनाची नोंद हवी असते आणि कागद हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयोगाला आहेतच. तसा अर्ज तक्रारीसोबतच द्या.

मागण्या क्रमानं लिहा. आधी किंमत व्याजासह परत आणि गाडी डीलरनं न्यावी. ते नाही तर किमतीतला फरक. त्यावर विमा, हस्तांतरण, कर्जाचं व्याज, मनस्ताप आणि खर्च. दंडात्मक भरपाई मागायची सोयही कायद्यात आहे; तुमच्याशिवाय इतर गिऱ्हाइकांनाही असंच फसवल्याचं दाखवता आलं तर जरूर मागा.

डीलरला उत्तरासाठी ३० दिवस आणि वर फार तर १५. या ४५ दिवसांनंतर आलेलं उत्तर घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्ये सांगितलं आहे, तेव्हा आयोगाची नोटीस डीलरला बजावल्याच्या तारखेवर लक्ष ठेवा. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल. प्रत्यक्षात वर्ष-दोन वर्षं सहज जातात, कधी जास्त. निकाल विरुद्ध गेला तर डीलर ४५ दिवसांत अपील करू शकतो, पण आदेशातली निम्मी रक्कम भरल्याशिवाय नाही. आणि आदेश पाळलाच नाही तर कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं तुरुंगवासाची तरतूद आहे. पैसे काढायला या कलमाचा अर्ज फार गुणकारी ठरतो.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला दहा मिनिटं लागतात. मोठ्या साखळीतला डीलर असेल तर कधी कधी तेवढ्यानं हलतो. छोटा असेल तर सहसा नाही.

पोलिसांकडे कधी?

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता, हे दिसावं लागतं. नुसतं "मॉडेल" आणि "मेक" यांतला घोळ घेऊन गेलात तर पोलीस "दिवाणी वाद आहे" म्हणून परत पाठवतील, आणि त्यांचं फार चुकतं असंही नाही. बनावट बिल, खाडाखोड केलेला फॉर्म २१, कागदावर बदललेली तारीख असं काही असेल तर मात्र जा. मग बनावट दस्तऐवजाची कलमंही लागतात. ठाण्यात घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी, आणि तिथेही नाही झालं तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. व्यावसायिक व्यवहारात गुन्हा नोंदवण्याआधी पोलिसांना प्राथमिक चौकशी करता येते, तेव्हा त्याच दिवशी एफआयआरची अपेक्षा ठेवू नका.

आणि हे विसरू नका की गुन्हा नोंदला की गाडी मुद्देमाल होऊ शकते. सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितली की हजर करण्याची हमी लिहून देऊन, ती सोडवून आणता येते, पण तोवर ठाण्याच्या आवारात, धुळीत. गाडी डीलरला परत करायच्या विचारात असाल तर तिथं सडलेली गाडी परत करायला लागेल. पैसे परत मिळवणं हाच हेतू असेल तर आयोग आधी, असं मी सांगेन.

दरम्यान बँक आणि विमा

हप्ते थांबवू नका. डीलरशी भांडण आहे म्हणून बँक थांबत नाही, तुमचा सिबिल स्कोअर पडतो आणि गाडी ओढून नेली तर परत द्यायला गाडीच उरत नाही. बँकेला मात्र लेखी कळवा. विमा कंपनीलाही खरं साल कळवा. हप्ता आणि आयडीव्ही बदलेल, पण उद्या अपघात झाला आणि दाव्याच्या वेळी कंपनीलाच ते सापडलं, तर दुसरं भांडण अंगावर येईल.

तडजोड झाली तर

सुनावणीच्या सुरुवातीलाच आयोग मध्यस्थीचा पर्याय देऊ शकतो, तो घ्यायला हरकत नाही. डीलर बहुधा "दुसरी गाडी घ्या, यात ॲडजस्ट करू" म्हणतो. ज्यानं एका गाडीचं साल लपवलं त्याच्याकडून दुसरी घ्यायची का, हे तुमचं तुम्ही ठरवा. पैसेच परत घ्यायचे असतील तर तडजोडीत रक्कम, तारीख, डिमांड ड्राफ्ट की आरटीजीएस, कर्ज कोण फेडणार, एनओसी आणि हायपोथिकेशन (आरसीवरचा बँकेचा बोजा) काढण्याचा खर्च कुणाचा, हे सगळं लिहून घ्या. पुढच्या तारखेचे चेक घेतलेत तर निदान पहिला वटल्याशिवाय किल्ली देऊ नका.

शेवटचा मुद्दा बरेच जण विसरतात. गाडी डीलरच्या ताब्यात दिलीत, पैसेही आले, पण वाहनच्या नोंदीत नाव तुमचंच राहिलं, तर मोटार वाहन कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. पुढे त्या गाडीनं अपघात केला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून तक्रार मागे घेण्याचा अर्ज सही करून वकिलाकडे ठेवा, आणि पोर्टलवर नाव बदललेलं स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की मगच तो आयोगात दाखल करायला सांगा.